दोघांचं एकमत

…आणि चमच्याच्या काठावर, बरोबर जिथं खालचा ओठ टेकतो तिथं, एक बारीकसा खळगा पडलाय हे तिला आजच दिसलं. सव्वीस वर्षं हाच चमचा. रोज साठ-सत्तर कप, प्रत्येक कपातला एक चमचा चहा फुर्रकन ओढायचा, जिभेवर, टाळ्यावर, नाकाच्या मागच्या अंगाला फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकून टाकायचा. एवढ्या कामावर आपण संसार केला, मुलगी शिकवली, तिला सासरी पाठवली… आणि स्टीलला खळगा पाडला. म्हणजे ओठांनी स्टीलचंसुद्धा मन वळतं. फक्त सव्वीस वर्षं लागतात. कार्यशाळेतल्या त्या पोरगेल्या सरांनी मन वळवायचं तेच काम दोन दिवसांत शिकवलं होतं, दुपारच्या जेवणासकट.

चमच्याशेजारी त्या सरांनी दिलेलं कार्ड होतं. चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद, खिशात मावेल असं. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात हे मात्र छापताना कुणाच्या लक्षात आलं नसावं. ती ते चष्म्याच्या घरात ठेवत होती. वर ठळक अक्षरांत, 'समोरच्याला पटवू नका, त्याला पटू द्या.' खाली पाच पायऱ्या. आज संध्याकाळपर्यंत या पाच पायऱ्या चढून (की उतरून, हे सरांनी सांगितलं नव्हतं) तिला जिभाऊंना त्यांच्या खुर्चीवरून उठवायचं होतं.

जिभाऊ म्हणजे प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडचे. त्यांचं कागदावरचं नाव पगारपत्रकापलीकडे कुणाला माहीत नव्हतं. जिभेचे भाऊ म्हणून कुणीतरी जिभाऊ म्हटलं आणि ते चिकटलं. कंपनीत येणारा प्रत्येक चहा विकत घ्यायच्या आधी दोघांनी चाखायचा, हा जुन्या मालकांनी घालून दिलेला नियम. दोन जिभा, मध्ये पार्टिशन, दोन चिठ्ठ्या. चिठ्ठीवर 'घ्यावा' किंवा 'परत', आणि दोन शब्दांचा शेरा. चिठ्ठ्या पेटीत पडायच्या, बाहेरचा कारकून त्या जुळवायचा. दोघांचं 'घ्यावा' आलं की माल गोदामात. दोघांचं 'परत' आलं की माल परत. आणि मतं फुटली तरच पुन्हा चाखणी. एकानं दुसऱ्यावर प्रभाव पाडू नये म्हणून भिंतीवर बोर्ड होता: 'येथे बोलू नये. चेहऱ्याने मत देऊ नये.' चेहऱ्यानं मत न देता सव्वीस वर्षं बसलेल्या बाईच्या वार्षिक अहवालात साहेबांनी यंदा लिहिलं होतं, 'कामात चोख. प्रभाव पाडण्यात कमी.' आणि तिला कार्यशाळेला पाठवलं होतं.

तिथं एका मोठ्या गार खोलीत वेगवेगळ्या कंपन्यांचे तीस विभागप्रमुख गोल बसले होते आणि सर गालाला मायक्रोफोन चिकटवून मधोमध फिरत होते. पहिलाच खेळ: शेजाऱ्याला त्याच्या खुर्चीवरून उठवा. हात न लावता, फक्त बोलून. पंधरा मिनिटं. तिचा शेजारी कुठल्याशा गोदामाचा प्रमुख, आडवा-तिडवा माणूस. तिला काही सुचेना. ती नुसती त्याच्याकडे बघत बसली, चेहऱ्याने मत न देता, जशी रोज कपाकडे बघते तशी. सातव्या मिनिटाला तो घामेजला आणि 'बसा हो, बसा तुम्हीच' म्हणत उठून उभा राहिला. 'अप्रतिम!' सर ओरडले. 'बघितलंत? मौनाचा वापर!' तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिला मात्र घरी येईपर्यंत त्या माणसाचं वाईट वाटत राहिलं… बसला होता बिचारा नीट.

आणि त्याच दोन दिवसांत इथं साबणाचं प्रकरण झालं. ती नाही म्हणून नियम थोडा वाकवून एकट्या जिभाऊंच्या चिठ्ठीवर माल घेतला गेला. त्यातला एक लॉट साबणाच्या खोक्यांबरोबर एकाच ट्रकमधून आलेला. पोती उतरवणारे म्हणत होते, चहा आहे की आंघोळ? झाडूवाल्या मावशींना फाटकापाशी वास आला. जिभाऊंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'घ्यावा. उत्तम.'

"नाक गेलंय त्यांचं," काल साहेब म्हणाले. साहेब चहाच्या कंपनीचे व्यवस्थापक आणि स्वतः कॉफी पितात. लपवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"सर्दी असेल. साहेब, गेल्या महिन्यात शंभरातल्या पंच्याण्णव चिठ्ठ्या जुळल्यात आमच्या. नाक गेलं असतं तर जुळल्या असत्या?"

"मग साबण?"

तिनं जिभाऊंची ती चिठ्ठी पुन्हा वाचली. 'उत्तम.'

"हे बघा, आपण त्यांना सल्लागार करू. खिडकीजवळ टेबल देऊ."

"सल्ला कशाचा द्यायचा?"

"ते नंतर ठरवू. त्यांनी स्वतःहून या फॉर्मवर सही केली तर मानानं होईल. नाहीतर सोमवारी चाचणी. दहा कप, सगळ्यांसमोर. वरून तसा आदेशच आहे." मग साहेब पुढे झुकले आणि हसले. "तुम्ही आत्ताच शिकून आलायत. बघा की वापरून."

…दहा कप, सगळ्यांसमोर. कॅन्टीनच्या टेबलावर ओळीनं मांडलेले, आणि पोती उतरवणारे, कारकून, मावशी सगळे भोवती उभे. आणि जिभाऊ चमचा धरून. नाही. ते नको. तिला विभागप्रमुख केलं तेव्हा ज्येष्ठ ते होते. दुसरा कुणी असता तर वर्षभर फुगून बसला असता. ते पार्टिशनवर दोन टकटका मारून म्हणाले होते, 'बाई, आता तुम्ही साहेब. मी आपला जिभाऊच.' एवढंच. त्या माणसाला कॅन्टीनमध्ये उभं करायचं नाही, त्यापेक्षा पाच पायऱ्या बऱ्या.

सकाळी घरी तिनं आरशासमोर सराव करून पाहिला होता. 'जिभाऊ, तुम्हाला काय वाटतं?' 'जिभाऊ, तुमच्याइतका अनुभव…' आरशातली बाई इतकी गोड बोलत होती की तिच्याकडून तिनं भाजीसुद्धा घेतली नसती. मागून नवरा टॉवेल घेऊन आला. तो शाळेत भूमिती शिकवायचा, निवृत्त झाला तरी वाक्य 'म्हणून' ने संपवायची सवय राहिली होती.

"कुणाला पटवतेयस?"

"जिभाऊंना."

"पुरावा आहे का? पुरावा असला की पटवावं लागत नाही. नसला की कार्यशाळा लागते. म्हणून."

"तुम्ही दूध बघा तेवढं."

"मी? मला गॅसजवळ बंदी आहे. करपवलं तेव्हापासून."

होतीच बंदी. गेल्या हिवाळ्यात एका रात्री यांनी दूध ठेवलं आणि कुठलासा वर्तुळाचा प्रश्न सोडवत बसले. पातेलं काळं, घरभर धूर, पडद्यांना, उशांना, तिच्या केसांना. चाखणाऱ्या माणसाच्या घरात हे म्हणजे… आमच्याकडे वासाचा साबण नाही, अत्तर नाही, कामाच्या दिवशी तिखटाची फोडणी नाही. मुलगी लग्न होऊन गेली आणि पहिल्याच महिन्यात तिनं सात प्रकारच्या उदबत्त्या आणल्या, इतकी पोरगी आसुसलेली. दूध करपलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं स्वतःचे केस दोनदा धुतले होते आणि ओल्या वेणीनं तशीच धावत कामावर गेली होती. 'वेळेवर पोचली, काही बिघडलं नाही, म्हणून,' नवरा अजूनही म्हणायचा, 'गुन्हा सिद्ध होत नाही.'

तर आता समोर सकाळची ओळ. अठरा पांढरे कप. वाळूचं घड्याळ उलटलं, पाच मिनिटं, झाकणं निघाली. पहिला चांगला, चमचा हातातच ठेवून ती दुसऱ्याकडे सरकली. दुसरा बरा. तिसरा चपटा, जुन्या पोत्यासारखा. तिनं चमचा बशीत ठेवला, चूळ भरली, चिठ्ठीवर लिहिलं, 'परत. पोत्याचा वास.' पलीकडून जिभाऊंचा फुर्रका आला, मग थुंकणं, मग पेन्सिल. सव्वीस वर्षं ऐकलेला आवाज. नवऱ्याचं घोरणं एवढ्या लक्षपूर्वक ऐकलेलं नाही कधी. मध्ये पार्टिशन असलं तरी एक सोबत असते, ती कुणाला सांगून कळायची नाही. जगात आणखी एका माणसाला, याच क्षणी, हाच चहा, आपल्याला लागला तसाच लागतोय… नवरा-बायकोला एवढं कुठं मिळतं? एकाला मीठ कमी, दुसऱ्याला जास्त.

आणि उपयोगही व्हायचा त्याचा. परत गेलेल्या मालाचे लोक यायचे, बाहेरच्या खिडकीशी वाद घालायचे. तिला वाद घालता येत नसे. तिच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते पुरायचं: 'दोघांचं एकमत आहे.' मोठमोठे व्यापारी त्या वाक्यापाशी येऊन गप्प होत. एक आठवतो… लहान बागवाला, हिवाळ्यात आलेला. मापाला मोठा कोट, बहुतेक भावाचा. काखेत पत्र्याचा डबा. तिनं चिठ्ठीवर धूर लिहिला होता, आणि तो म्हणत होता, 'बाई, आमच्याकडे लाकूड जळतच नाही हो. विजेवर वाळवतो आम्ही पानं. धूर येणार कुठून? पुन्हा एकदा चाखा. एकदाच.' ती खिडकीशी उभी होती, ओल्या वेणीनं पांढऱ्या कोटाची पाठ भिजून गार पडली होती, कधी एकदा आत जाते असं झालं होतं. 'दोघांचं एकमत आहे,' ती म्हणाली. 'दोघांचं?' त्यानं विचारलं. वाद म्हणून नाही… जसं काही दोघांना धूर आला असेल तर असेलही बुवा, आपल्याच नाकात काही दोष असेल. डबा काखेत घेऊन गेला. पुढच्या हंगामात त्याचा नमुना आला नाही. पटलं असावं त्याला.

जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथं कप धुतले जायचे आणि दोघे जेवायचे. कॅन्टीनचे वास जिभेला नकोत म्हणून. जिभाऊ आधीच बसले होते. काकडी खात होते. गेली दोनेक वर्षं रोज काकडी. डॉक्टरनी सांगितलंय का विचारलं तर म्हणायचे, आवडते.

पहिली पायरी: तीन वेळा 'हो' म्हणायला लावा. साध्या प्रश्नांनी सुरुवात करा. ज्यानं तीनदा हो म्हटलं तो चौथ्यांदा नाही म्हणत नाही.

"जेवताय, जिभाऊ?"

"नाही, काकडीशी गप्पा मारतोय."

"…आज उकडतंय, नाही?"

"मला तर बरं वाटतंय."

"तुम्ही इथले सगळ्यांत जुने. बरोबर ना?"

"सगळ्यांत जुना तो पंखा. मग मी."

तीनपैकी शून्य. दुसरी पायरी: समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणा, त्याला वाटतं आपलं ऐकलं जातंय.

"काकडी घ्या, बाई."

"काकडी घेऊ?"

"घ्या म्हणतोय ना."

तिनं घेतली. खाल्ली. म्हणजे आतापर्यंत या खोलीत एकाच माणसाचं मन वळलं होतं आणि ते तिचं. तिसरी पायरी: निवड द्या, दोन्ही वाटा आपल्याच गावाला जाव्यात.

"समजा… नुसतं समजा. टेबल असेल तर खिडकीजवळचं बरं की जिन्याजवळचं?"

"कोण बसणार आहे?"

चौथी पायरी, मौन. तीन सेकंद थांबा, समोरच्याला शांतता सहन होत नाही, तो बोलतोच. ती थांबली. तीन सेकंद झाली. दहा झाली. नळ गळत होता. जिभाऊंनी दुसरी काकडी चिरली, मीठ लावलं, खाल्ली. सव्वीस वर्षं रोज सहा तास गप्प बसायचा पगार घेतलेली दोन माणसं. त्यांच्यापुढे तीन सेकंदांचं काय कौतुक? जेवणाची अर्धी सुट्टी त्या मौनात आरामात गेली, आणि तिच्या लक्षात आलं की छान वाटतंय, उठवायचं वगैरे विसरूनच गेलो आपण…

"कार्ड बघू," जिभाऊ म्हणाले.

"कसलं?"

"मघापासून चष्म्याच्या घरात बघताय. चष्मा डोळ्यांवर आहे."

तिनं दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, ओठ हलवत. "तिसरी जरा घाईनं झाली तुमची," ते म्हणाले. "चौथी मात्र झकास. पाचवी काय आहे… 'निर्णय त्याचाच आहे असं वाटू द्या.' हं." कार्ड त्यांनी टेबलावर उपडं ठेवलं. "फॉर्म कुठाय, बाई?"

"मी अजून काही बोलले नाही."

"तेच तर. कधी बोलावं लागलंय तुम्हाला?"

जिभाऊंनी हात पुसले, नीट, एकेक बोट.

"दोन वर्षांपूर्वीचा माझा ताप आठवतो? तीन आठवडे रजा. उठलो तेव्हा नाक गेलं होतं. काही म्हणजे काही नाही. गरम आणि गार, एवढं कळतं. वाटलं, येईल परत. आठ दिवस थांबू. मग महिना. तोवर चिठ्ठ्या तर द्यायच्याच."

"मग… पंच्याण्णव टक्के…"

"तुमच्यावर चालतोय मी, बाई. वाईट कप आला की तुम्ही चमचा बशीत ठेवता. टिक होतं. चांगला असला की चमचा हातातच राहतो. पोत्याचा वास असला की चूळ जरा मोठी भरता. धूर असला की खाकरता. कधी चुकला नाहीत. म्हणजे मीही नाही." ते हसले. "तुम्हाला मन वळवायला शिकायला पाठवलं असं ऐकलं तेव्हा मला ठसकाच लागला. म्हटलं, या बाईच्या नुसत्या बशीवर दोन वर्षं गोदाम भरतंय."

"सांगितलं का नाहीत?"

"बोर्ड वाचलाय ना? बोलू नये." मग हसू गेलं. "खरं सांगू? लाज वाटली. पंचवीस वर्षांचं जिभाऊ नाव, आणि काकडी खातो मी, चव नाही तर निदान चावताना आवाज तरी येतो. आणि चुकत नव्हतो हो. चुकलो असतो तर सुटलो असतो."

"आणि मी नव्हते तेव्हा?"

"त्या दोन दिवसांत पलीकडे कुणी नव्हतं. सगळेच कप उत्तम लागले."

फॉर्म तिच्या डब्याच्या पिशवीत होता. त्यांनी काढला, वाचलाही नाही, सही केली. सही चांगली वळणदार. ती बघत राहिली आणि तिच्या मनात आधी जे आलं ते सांगायलासुद्धा संकोच वाटावा असं होतं: प्रभाव पाडण्यात कमी म्हणे! मग दया आली. मग राग. आणि त्यांच्याखालून, जरा उशिरानं, पाठीमध्ये गार काहीतरी सरकलं, ओल्या वेणीसारखं…

"जिभाऊ, गेल्या हिवाळ्यात एक बागवाला आला होता. मोठा कोट. डबा घेऊन."

"विजेवर वाळवतो म्हणणारा? खिडकीतनं ऐकलं होतं मी."

"तुम्ही 'परत' लिहिलं होतं."

"तुम्ही खाकरला होता. दोनदा."

"शेरा?"

"'धूर.' दुसरं काय लिहिणार?"

…त्या दिवशी पहिल्या कपापासून घशाशी काहीतरी होतं. तिला आठवलं, आत्ता, एवढ्या उशिरा, की सातव्या कपापाशी ती क्षणभर थांबलीसुद्धा होती. केस दोनदा धुतलेत, पण कोट? कोट तर घरी दाराच्या मागे टांगलेला होता, रात्रभर, सकाळभर, त्या धुरातच. आपण धूर पितोय की घालून आलोय? असा विचार आला होता. नक्की आला होता. मग पलीकडे पेन्सिल चालली, तुटक, आखूड, 'परत'ची, आणि विचार गेला. त्यांनाही आलाय म्हणजे आहेच. ती निश्चिंत मनानं आठव्या कपाकडे सरकली होती. मी खाकरले, म्हणून त्यांनी लिहिलं. त्यांनी लिहिलं, म्हणून मला खात्री. वर्तुळाचा प्रश्न. घरी नवरा सोडवत बसला होता आणि इथं मी…

जिभाऊ तिच्याकडे बघत होते. "साहेबांना सगळं सांगायचं असेल तर सांगा," ते म्हणाले. "माझी हरकत नाही. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या म्हणजे एकट्या तुमच्याच आहेत. तुम्हीच ठरवा काय ते."

साहेबांनी सही उजेडात धरून पाहिली. "एका जेवणात?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं आठवडा जाईल! काय वापरलंत? मौन ना? मला मौनच आवडतं त्यातलं."

"साहेब…" ती म्हणाली आणि थांबली. काय सांगायचं? कुठून? दोन वर्षं या कंपनीत एकच जीभ आहे. ती माझी. आणि तिच्यावर एकदा कोटाचा धूर होता. एकदाच का? ते कसं कळणार? तीन सेकंद गेली. पाच गेली. साहेब कौतुकानं मान डोलवायला लागले.

"बघा, बघा, आत्ताही! माणूस बोलायलाच लागतो. मी पुढच्या महिन्यात सगळ्या प्रमुखांना पाठवतोय."

"मला गेल्या हिवाळ्यातले परत केलेले नमुने पुन्हा चाखायचेत."

"परत केलेले? कशासाठी?"

"खात्री करायची आहे."

"अहो, पण परत केलेत म्हणजे खात्री झालीच ना तेव्हा." साहेबांनी कॉफीचा घोट घेतला आणि अगदी मायेनं, समजूत घालावी तसं, तिला सांगितलं, "दोघांचं एकमत होतं."

तिला आपलंच वाक्य पहिल्यांदा बाहेरून ऐकू आलं. काय भक्कम वाक्य होतं! कुठूनही नख शिरत नव्हतं. त्या माणसाला डबा काखेत घेण्याशिवाय दुसरं काय सुचणार?

"तरी चाखते," ती म्हणाली. इतकं बिनप्रभावी वाक्य, पण साहेबांना त्यावर काही सुचलं नाही.

नमुन्यांच्या कपाटात दीड वर्षाचे डबे असतात. खालच्या फळीवर, मागे, त्या बागवाल्याच्या नमुन्याचा मिळाला. चिमूटभर जास्तच पान होतं. पाठवणाऱ्यानं हात सैल सोडलेला. तिनं वजन केलं, पाणी उकळलं, पान टाकलं, झाकण लावलं, घड्याळ उलटलं. एकच कप. एवढ्या लांब टेबलावर तो उगाच बोलावून आणलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. ऊन पार्टिशनवर आलं होतं. अंगावरचा कोट तिनं काढून बाहेर खुंटीला अडकवला. मग हाताचा वास घेतला. मग वेणीचा. काही नाही. काही नाही असं वाटलं, एवढंच म्हणता येईल.

पलीकडे दार वाजलं. खुर्ची करकरली.

"जिभाऊ?"

"खुर्चीवरची उशी न्यायला आलोय," पलीकडून आवाज आला. "आलोच आहे तर बसतो जरा. कुणाचा आहे?"

तिनं सांगितलं नाही. बोर्डाकडे बघितलं. पण त्यांना कळलं असावं, कारण ते पुढे काही बोलले नाहीत आणि पलीकडचं श्वासाचं येणं-जाणंसुद्धा बारीक झालं. कान लावून बसले असणार. वाळू संपली. इतक्या महिन्यांचा जुना चहा. त्याचा जोम गेलेला असणार, रंग उतरलेला असणार, पण धूर… धूर राहतो. धूर असला तर राहतो. नसला तर… तिनं झाकण काढलं, चमचा भरला.

फुर्रक.

आवाज तिला केवढा तरी मोठा वाटला. आपण असा आवाज करतो? रोज? जिभेवर फिरवला. जुना, थकलेला, मागे जरासा गोडवा, आणि त्याच्याही मागे… आहे का? नाकाच्या मागच्या अंगाला काहीतरी हललं आणि थांबलं. धूर म्हटलं तर धूर. नुसतं पत्र्याच्या डब्यात पडून राहिलेलं पान म्हटलं तर तेही. घशाशी खाकरणं येऊन उभं राहिलं. ते चहाचं होतं, सवयीचं होतं की त्या दिवसाचं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं ते गिळलं. चहाही गिळला, पिकदाणी बाजूलाच राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. गरम होता. खाली छातीपर्यंत गेलेला कळला.

ती वाट बघत होती. कशाची, ते तिला जरा उशिरा उमगलं. पेन्सिलीची. प्रत्येक कपानंतर, किती वर्षं, आपण चमचा खाली ठेवून, किंवा न ठेवता, पेन्सिल ऐकूनच पुढे सरकायचो. आणि आपल्याला वाटायचं, आपण चहा चाखतोय.

पार्टिशनपलीकडे पेन्सिल उचलल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. पेन्सिलही थांबली होती, तिच्या चमच्यासाठी.

चमचा हातात होता. बशी खाली, वीतभर अंतरावर, पांढरी, कोरडी. ऊन चमच्याच्या काठावर आलं आणि खळग्यात थोडा वेळ साठून राहिलं. ती दुसऱ्या चमच्यासाठी कपाकडे वाकली.